शेवटच्या माळ्यावरची हाक

यल्लाप्पाला कुणी हाक मारली, की तो आधी मोठ्यानं ओ द्यायचा आणि मग उठायचा. शालनला, म्हणजे त्याच्या बायकोला, लग्न झाल्यावर बरेच दिवस याचं हसू येई. बनशंकरीतलं त्यांचं भाड्याचं घर एवढंसं. स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी पुढच्या दारात ऐकू जावं. पण यल्लाप्पाची ओ अशी लांबून यायची, की मध्ये शेतंच्या शेतं पसरली आहेत असं वाटावं. आणि कधी तिनं त्याच्या हाकेला ओ दिली नाही, फोडणीच्या आवाजात राहून गेलं, तर तो पुन्हा हाक मारी, आणखी एकदा मारी, आणि शेवटी दारात येऊन तिच्याकडं नुसता बघत उभा राही.

"काय हवंय?" ती विचारी.

"काही न्हाई. हायस न्हवं, तेवढं बघितलं."

हे त्याच्या अंगात गावाकडून आलं होतं. खानापूर तालुक्यात जिथं रान संपतं आणि भाताची खाचरं सुरू होतात, तिथं त्याचं गाव. भात पोटरीला आलं, की रानडुकरं आणि गवे खाली उतरत. मग प्रत्येक शेतात एक माळा उभा राही: चार मेढी, वर बांबूची ताटी, तिच्यावर गवताचं छप्पर. दिवेलागणीला माणसं माळ्यावर चढत आणि पहिली हाक निघे. होऽऽ. त्या हाकेत शब्द नसत. नदीकाठच्या माळ्यावरून निघालेली ती हाक मधल्या माळ्यावर येई, तिथून पुढच्या, आणि धुक्यातून, भिजल्या भाताच्या वासातून सरकत सरकत यल्लाप्पाच्या वडलांच्या माळ्याशी येऊन थांबे. त्यांचा माळा सगळ्यांत शेवटचा. त्याच्यापुढं रान. संताजी, म्हणजे त्याचे वडील, तिथून ओ देत, आणि ती ओ तशीच माळ्यामाळ्यांवरून परत नदीपर्यंत जाई. जिथं ओ अडली, तिथं काहीतरी झालंय असं समजून माणसं पलिते घेऊन निघत. लहानपणी यल्लाप्पाला वाटायचं, आपलं गाव रात्री झोपत नाही, ते असं स्वतःला हाक मारत मारत जागं राहतं.

बेळगावात डिप्लोमा करून तो बंगळूरला आला. बोम्मसंद्र्यात पद्मनाभ नावाच्या, पुण्याहून आलेल्या तरुण इंजिनिअरचं छोटं युनिट होतं. तिथं विजेचा दाब सांभाळणारे स्टॅबिलायझर बनत. यल्लाप्पा तिथं लागला आणि रमला. सोल्डरिंगच्या धुराचा वास, होसूर रोडवरच्या लॉऱ्यांची घरघर, दुपारी पत्र्याच्या छपरावर तापणारं ऊन. वर्षं अशी गेली, की गेल्याचं कळलं नाही. मग शहरात मोबाईल फोन आले. सुरुवातीला मोठ्या माणसांच्या हातात, मग मधल्यांच्या. आणि एक दिवस पद्मनाभ एक मोडेम घेऊन आला. विटेएवढी काळी पेटी, तिच्यातून निघालेला बोटाएवढा अँटेना.

"यल्लाप्पा, हा आपल्या चिपला जोडायचा," तो म्हणाला. "फोनची लाईन नको, वायर नको. मशीन डायरेक्ट मोबाईल नेटवर्कवरून बोलेल. फ्यूचर आहे हे, फ्यूचर!"

चिप म्हणजे मायक्रोकंट्रोलर. दोन्ही बाजूंना पाय असलेली, गोमेसारखी दिसणारी काळी वस्तू. तिच्यात लिहिलेला प्रोग्रॅम ती निमूटपणे चालवते. तापमान मोजते, वीज आहे की गेली ते बघते. यल्लाप्पानं चिप आणि मोडेम एका केबलनं जोडले आणि त्यांचं बोलणं संगणकाच्या पडद्यावर उमटेल अशी सोय केली. चिपनं आधी दोन अक्षरं पाठवली. मोडेमनं दोन अक्षरांचं उत्तर दिलं, म्हणजे मी जागा आहे. मग चिपनं विचारलं, टॉवर किती नीट ऐकू येतोय? मोडेमनं आकडा सांगितला. चिप थांबली. मोडेम थांबला. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर.

यल्लाप्पा खुर्चीतून उठून उभा राहिला. खिडकीबाहेर निलगिरीची झाडं हलत होती. त्यांच्या शेंड्यांच्या वर, रिकाम्या दिसणाऱ्या आभाळातून हाका चालल्या आहेत, टॉवरावरून टॉवरावर, हे त्याला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. हे काम शिकायला आपण बेळगावला गेलो खरं, पण ते आपल्याला आधीपासूनच येत होतं, असं त्याला वाटून गेलं.

चिप आणि मोडेम एकत्र बसवलेली पहिली पेटी ठरली ती धनलक्ष्मी अक्कांसाठी. अक्का बंगळूरच्या जुन्या मराठा घरातल्या. पिढ्यान् पिढ्या इथंच गेल्यामुळं त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड मिसळलेली. बोम्मसंद्र्याच्या पुढं, रस्त्यापासून आत, प्लास्टिकच्या छपराखाली त्यांनी गुलाब लावले होते. कळ्या मिटलेल्या असतानाच कापायच्या, थंड खोलीत ठेवायच्या आणि तिथून विमानानं परदेशी धाडायच्या. थंड खोलीतल्या गारव्यात कळीला वाटतं, पहाट अजून व्हायची आहे. ती मिटून राहते. खोली गरम झाली, की कळीला फसवता येत नाही. मळ्यावर फोन नव्हता. अर्ज करून अक्का थकल्या होत्या. पण हमरस्त्यावर नुकताच मोबाईलचा टॉवर उभा राहिला होता. खोली तापायला लागली की तिथल्या पेटीनं अक्कांच्या मोबाईलवर संदेश पाठवायचा, एवढंच काम.

पण यल्लाप्पाला तेवढं पुरेना.

"सिंपल ठेवा ना," पद्मनाभ म्हणाला. "टेंपरेचर वाढलं, मेसेज गेला, फिनिश! पेटीला रिप्लाय कशाला हवाय?"

"सर, ओ आली न्हाई तर हाक पोचली हे कळायचं कसं?"

"नेटवर्क पोचवतं ना!"

"नेटवर्क म्हंजे वारा, सर. वारा आवाज नेतो. ऐकणारा जागा हाय का झोपलाय, हे वारा सांगत न्हाई."

पद्मनाभनं कपाळाला हात लावला. "तुमच्याशी आर्ग्यू करणं म्हणजे… करा, तुम्हाला हवं ते करा. फक्त हँग नको व्हायला."

यल्लाप्पानं मनासारखं केलं. पेटी संदेश पाठवी आणि उत्तराची वाट बघे. उत्तर आलं नाही, तर थोड्या वेळानं तोच संदेश पुन्हा. उत्तर येईपर्यंत ती हाक मारणं सोडत नसे. शेवटच्या माळ्यावरच्या माणसासारखी.

पेटी भिंतीवर बसली तेव्हा अक्का कमरेवर हात ठेवून तिच्याकडं बघत राहिल्या. "आणि मी हिला उत्तर लिहायचं? काय लिहू रे? ऊटा आयता? जेवलीस का म्हणून?"

"काहीबी लिहा अक्का. एक अक्षर लिहिलं तरी तिला कळतंय."

"सरी, सरी, बरं. माझ्या सुनेला कळत नाही, तुझ्या पेटीला कळतंय म्हण की."

त्याच सुमारास संताजी बंगळूरला आले. मोतीबिंदू काढला होता. डोळ्यात औषध घालायला माणूस हवं, म्हणून यल्लाप्पानं त्यांना आणून ठेवलं. दिवसा ते हिरव्या चष्म्याआडून रस्ता बघत बसत. रिक्षा, फुलवाल्या, शाळेची पोरं. पण दिवेलागण झाली, की भिंत धरून धरून गच्चीवर चढत आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन हाक देत. होऽऽ. गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्या, दोऱ्यांवरचे कपडे, नारळाची झाडं, यांच्यावरून ती हाक जाई आणि कुठंतरी विरून जाई.

"शालन, सासरे कुणाला बोलावतात गं?" घरमालकीणबाईंनी जिन्यात विचारलं.

"कुणाला नाही. असंच. सवय आहे त्यांची."

"आमच्या कुत्र्याला वाटतं, त्यालाच बोलावतात. भुंकायला लागतो."

"मग त्याला सांगा, तेवढीच ओ मिळेल मामंजींना."

पण संताजींना कुत्र्याची ओ चालणारी नव्हती. खाली येऊन ते पाटावर बसत आणि ताटाकडं बघत म्हणत, "यल्लू, एवढी घरं, एवढे दिवे, आन ओ देणारं एकबी न्हाई. मला गावाकडं सोड बघ."

"औषध संपू दे आबा. मग सोडतो की."

एका दुपारी मळ्यावरची वीज गेली. पेटीनं संदेश पाठवला, अक्कांनी वाचला, लगबगीनं गाडी काढून गेल्या आणि जनरेटर सुरू करवला. खोली पुन्हा गार झाली. अक्का खूश झाल्या. यल्लाप्पाला बोलावून त्यांनी म्हैसूरपाक दिला. पेटीला उत्तर द्यायचं मात्र राहून गेलं. आपण धावत जाऊन काम केलं, यापेक्षा मोठं उत्तर ते काय असतं? पण पेटीला ते कुठलं दिसायला. ती हाक मारत राहिली. तोच संदेश, पुन्हा तोच. अक्का आधी बघत, मग बघेनाशा झाल्या. फोनच्या पडद्यावर एक छोटं पाकीट उघडझाप करू लागलं. नव्या फोनला असंच असतं, असं त्या समजल्या.

आणि मग एका सकाळी त्यांनी यल्लाप्पाला आणि पद्मनाभला मळ्यावर बोलावून घेतलं. आवाज शांत होता.

थंड खोलीचं दार अक्कांनी स्वतः उघडलं. आतून गारवा आला नाही. आतून वास आला. असा वास, की तिघंही उंबऱ्यातच थांबले. बादल्या-बादल्यांतल्या सगळ्या कळ्या उमलल्या होत्या. एक नाही, दोन नाही, अख्खी खोली. लाल, पिवळ्या, फिक्या गुलाबी. काहींच्या पाकळ्या मागं वळल्या होत्या, काही बादल्यांत गळून पाण्यावर तरंगत होत्या. कंप्रेसर केव्हातरी बंद पडला होता आणि त्या अंधाऱ्या खोलीत, कुणी बघायला नसताना, गुलाबांची पहाट होऊन गेली होती. यल्लाप्पाला वाटलं, आपण जागे नाही. इतकं सुंदर काहीतरी समोर आहे आणि ते आपल्या हातून झालेलं नुकसान आहे, हे दोन्ही एका वेळी मनात मावेना.

"किती चांगलं दिसतंय, नाही?" अक्का म्हणाल्या. "माझ्या लग्नातसुद्धा एवढी फुलं नव्हती. ह्यातलं एक आता विमानात चढत नाही बघ."

"अक्का, पेटीनं सांगितलं नाही?" पद्मनाभनं विचारलं.

"एक शब्द नाही. सारखी बडबड करत होती, आणि ज्या दिवशी बोलायचं त्या दिवशी मुकी."

यल्लाप्पानं त्यांचा फोन मागून घेतला. आत संदेशांची रांग होती. तोच जुना, वीज गेली त्या दुपारचा संदेश. पुन्हा तोच. पुन्हा तोच. फोनच्या सिममध्ये मोजक्या संदेशांची जागा, आणि ती सगळी भरलेली. त्यानं एक संदेश पुसला. लगेच फोन वाजला. नवा संदेश आला: खोली तापते आहे. दुसरा पुसला, पुन्हा वाजला: खोली तापते आहे. हाक केव्हाची दाराशी येऊन उभी होती. आत पाय ठेवायला जागा नव्हती. आणि ती जागा त्याच्याच हाकांनी भरून टाकली होती. उमललेल्या गुलाबांमध्ये उभा राहून तो एकेक संदेश पुसत राहिला आणि उशिरा आलेल्या हाका एकामागून एक वाजत राहिल्या.

"माझी चूक झाली अक्का," तो म्हणाला.

अक्कांनी एका बादलीतल्या गळलेल्या पाकळ्या बाजूला केल्या. मग म्हणाल्या, "माणूस ठेवते तर तो झोपतो. म्हणून पेटी आणली. कार्तिक संपेपर्यंत राहू दे. मोठी पाठवणी तेव्हाच असते. पुन्हा असं झालं, तर मी बोलणार नाही, रागावणार नाही. पेटी काढून तुझ्या हातात देईन. आयता? कळलं ना?"

"होय अक्का."

परतताना पद्मनाभ गाडी चालवत होता. बोम्मसंद्र्याच्या वळणावर बोलला. "तो लूप काढून टाका. एकदा मेसेज, देन सायलेंट. आणि ऐका, अक्कांनी पेटी काढली ना, तर मी हे सगळं बंद करणार. आपण परत स्टॅबिलायझर. मला परवडणार नाही, यल्लाप्पा."

यल्लाप्पानं मान हलवली. स्टॅबिलायझर करायला त्याची ना नव्हती. पण आभाळातून चाललेल्या त्या हाका एकदा दिसल्यावर पुन्हा पत्र्याखाली बसून ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचे, म्हणजे माळ्यावरून उतरून कायमचं घरात निजायचं. आणि एकदा हाक मारून गप्प बसणारी पेटी करणं तर त्याच्या हातून होणारच नव्हतं. तिला कुणी ऐकलं की नाही, हे तिला कळूच नये? असं काही त्याला बनवताच येत नव्हतं.

अक्कांनी जाताना त्याच्या हातात फुलांचा भारा दिला होता. फेकण्यापेक्षा ने म्हणाल्या. संध्याकाळी ते घर गुलाबांनी भरून गेलं. शालननं घागरी, तांबे, दुधाचं पातेलंसुद्धा कामाला लावलं. संताजींनी एक फूल नाकाशी धरलं, चष्मा काढून बघितलं. "राजाच्या घरचं दिसतंय," म्हणाले, आणि ते कानामागं खोचून गच्चीवर निघाले. यल्लाप्पाही त्यांच्यामागं चढला. घरात त्या वासात त्याला बसवेना.

ऊन उतरलं होतं. बनशंकरीच्या देवळाकडून घंटेचा आवाज येत होता. संताजी उगवतीकडं तोंड करून हाक देऊन थांबले. काही आलं नाही. ते सावकाश दक्षिणेकडं वळले, पुन्हा हाक दिली. थांबले. मग पश्चिमेकडं.

"आबा, तिकडं कशाला? पहिल्यानं अजून ओ कुठं दिलीय?"

"म्हणूनच की."

"म्हंजे?"

"एकानं ओ दिली न्हाई म्हणून त्यालाच हाका मारत बसलं, तर डुकरं पीक खाऊन ढेकर देतील. झोपलेल्याला झोपू द्यायचं. पुढच्या माळ्याला उठवायचं. तो जातो मग याला लाथ घालायला."

"आपण तर सारखं त्यालाच हाका मारत होतो. शेजारच्या सोमण्णाच्या माळ्याला."

"आपल्याला दुसरा होता कोण?" संताजी हसले. कानामागचा गुलाब हलला. "शेवटचा माळा आपला. पलीकडं गवे. गव्याला हाक मारतोस काय? माझं बालपण मधल्या माळ्यावर गेलं, आज्याच्या शेतात. तिथनं चारी अंगांना हाक जायची. तू शेवटाला वाढलास, तुला एकच शेजारी ठाऊक."

यल्लाप्पा कठड्याला टेकला. खाली दिवे लागत होते, एका घरातून दुसऱ्या घरात, जणू कुणी ओ देत चाललं होतं. शेवटच्या माळ्यावरून तो उतरलाच नव्हता. एवढं मोठं शहर, एवढे टॉवर, एवढे फोन, आणि त्यानं पेटीला रानाच्या कडेला नेऊन बसवलं होतं. समोर एकच माणूस, आणि तोही कामात गुंतलेला.

"आन एक सांग आबा. हाकेत सांगायचं काय, हे कसं ठरायचं? डुक्कर आलं, गवा आला…"

"सांगायचं कशाला? आधी जागं करायचं. काय झालंय ते आल्यावर दिसतंय की."

दुसऱ्या दिवशी यल्लाप्पानं चिप काढली. तिच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी होती. जांभळ्या उजेडाच्या खोक्यात ती ठेवली, की त्या खिडकीतून उजेड आत जातो आणि चिप शिकलेलं सगळं विसरते. खोक्याच्या फटीतून येणाऱ्या त्या जांभळ्या रेषेकडं तो बघत बसला. माणसालाही असं घटकाभर ठेवता आलं असतं तर, असं त्याच्या मनात आलं. आणि लगेच वाटलं, नको. आपण जे विसरू, त्यात काय काय जाईल.

मग त्यानं तिला नवं शिकवलं. आता संदेश नाही, शब्द नाहीत. खोली तापली, की पेटीनं अक्कांच्या फोनची नुसती घंटी वाजवायची. उचलायचा नाही, पेटीचा नंबर फोनवर दिसला की समजायचं. अक्कांनी उलट तिला घंटी द्यायची आणि कापायचं, की पेटी गप्प. पेटीचा नंबर बाहेर कुणाला ठाऊक नव्हता, त्यामुळं कुठूनही आलेली घंटी तिच्यासाठी ओ होती. आणि अक्कांची ओ आली नाही, तर पुढचा माळा: पद्मनाभ. त्याचीही आली नाही, तर यल्लाप्पाच्या घरचा फोन. मग पुन्हा पहिल्यापासून. घंटीनं कुणाचा फोन भरत नाही. ती वाजते आणि हवेत विरते.

"मिस्ड कॉल!" पद्मनाभ ओरडला. "अहो, मी रोज आईला पुण्याला हेच करतो. पोचलो की एक रिंग, बस. माझ्या का नाही लक्षात आलं?"

"तुमच्या आई उलट देतात काय?"

"देते ना. नाही दिली तर मला झोप लागत नाही." असं म्हणून तो थांबला, आणि यल्लाप्पाकडं बघून पहिल्यांदाच त्या विषयावर हसला.

कार्तिकातल्या एका शुक्रवारी बोम्मसंद्र्यात युनिटच्या गल्लीत दुरुस्तीसाठी वीज बंद होती, म्हणून युनिटला सुट्टी. शालन भाजी आणायला गेलेली. यल्लाप्पा न्हाणीघरात, तोंडाला साबण. आणि बाहेरच्या खोलीत फोन वाजला. संताजी त्या फोनला हात लावत नसत. ते यंत्र त्यांना अंगावर धावून येणाऱ्या जनावरासारखं वाटे. घंटी थांबली. थोड्या वेळानं पुन्हा वाजली. तेव्हा मात्र ते उठले. हाकेवर हाक येते आहे आणि घरात कुणी ओ देत नाही, हे त्यांना बसल्या जागी सोसेना. त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. आत माणूस नव्हतं. नुसता सूंऽऽ असा आवाज, भाताच्या शेतावरून वारा जावा तसा.

संताजींनी दोन्ही हातांनी रिसीव्हर तोंडाशी धरला आणि छाती भरून ओ दिली. "होऽऽऽ!"

न्हाणीघरातला तांब्या खाली पडला. यल्लाप्पा टॉवेल गुंडाळून, डोळ्यांत साबण घेऊन बाहेर आला. "आबा, कोण हाय?"

"कोण बोलत न्हाई. रान हाय. पण हाक मारतंय."

यल्लाप्पानं रिसीव्हर घेतला, ऐकलं, ठेवला. बोटं ओली होती; पेटीचा नंबर फिरवताना दोनदा चुकला. तिसऱ्यांदा पलीकडं घंटी वाजली, वाजली, आणि त्यानं फोन ठेवला. ओ पोचली. आता पेटी गप्प झाली असेल. पण खोली तापतच असेल. म्हणजे अक्कांनी ओ दिलेली नाही, पद्मनाभनंही नाही. पद्मनाभ हेब्बाळला कुणाला भेटायला गेला होता, फोन बंद करून बसला असेल. आणि अक्का? आज शुक्रवार; दर शुक्रवारी त्या बनशंकरीच्या देवळात दिवे लावायला येतात. यल्लाप्पा अर्धवट पुसल्या अंगावर सदरा चढवून देवळाकडं धावला. मागून संताजीही निघाले. "थांब रे, हाक मला आली होती!"

बनशंकरीच्या देवळात राहुकाळातली पूजा चालू होती. बायका लिंबाच्या अर्ध्या साली उलटवून, त्यात तूप-वात घालून दिवे लावत होत्या. हिरव्यापिवळ्या दिव्यांची ओळच्या ओळ थरथरत होती, तुपाचा आणि भाजल्या लिंबाचा वास दाटला होता. त्या उजेडात अक्का डोळे मिटून बसल्या होत्या. फोन बाहेर, गाडीत.

"अक्का," यल्लाप्पानं हळूच हाक मारली. "पेटी बोलावतीय."

अक्कांनी डोळे उघडले. ओल्या केसांचा यल्लाप्पा, त्याच्यामागं हिरव्या चष्म्याचा धापा टाकणारा म्हातारा. "अय्यो देवरे," त्या उठल्या. "आणि हे कोण?"

"माझे वडील."

"हाक मला आली," संताजींनी सांगितलं.

गाडी होसूर रोडला लागली, मागं पडलेलं शहर उन्हात पांढरं झालं. यल्लाप्पा खिडकीतून टॉवर शोधत होता. ते येत होते आणि जात होते, लांब लांब उभे, एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात.

थंड खोलीचा कंप्रेसर बंदच होता. पट्टा तुटून खाली पडला होता, आणि शेजारच्या पंपाच्या आवाजात ते कुणाला कळलं नव्हतं. मळ्यावरच्या माणसांनी अडगळीतून जुना पट्टा शोधून चढवला. कंप्रेसर घरघरला. अक्कांनी दाराला हात लावला, पण उघडवेना. यल्लाप्पाकडं बघितलं. त्यालाही पुढं होववेना. शेवटी संताजींनीच कडी काढली.

आत अंधार, आणि अंधारात अजून टिकून राहिलेला गारवा. बादल्या-बादल्यांत कळ्या मिटून उभ्या होत्या. काहींची एखादी पाकळी सैल झाली होती, झोपेत कूस बदलावी तशी. पण उमललं कुणी नव्हतं. संताजी मधोमध उभे राहिले, थंडीनं खांदे आवळून, आणि कळ्यांकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "झोपलीत सगळी. झोपू द्या."

अक्कांनी पदरानं डोळे टिपले आणि लगेच आवाज चढवला. "यल्लाप्पा, ही पेटी मी कुणाला काढू देत नाही. ऐकलास? पण एक कर. काही झालं नाही तरी तिला रोज संध्याकाळी एकदा बोलाव म्हणावं. गप्प बसली की मला भय वाटतंय. कुणाच्या तरी घरी स्वल्प वाजव म्हण."

"कुणाच्या घरी अक्का?"

अक्कांनी संताजींकडं बोट दाखवलं. "त्यांच्या. ते उठून ओ देतात."

त्यानंतर रोज दिवेलागणीला बनशंकरीतल्या त्या घरात फोन वाजू लागला. संताजी आधीच गच्चीवर असत. खालून घंटी ऐकू आली, की ते होसूर रोडच्या दिशेनं वळून ओ देत, आणि खाली यल्लाप्पा पेटीला तिला कळेल अशी ओ देई. घरमालकीणबाईंचा कुत्राही भुंके. पुढं डोळा बरा झाला, औषध संपलं, आणि संताजी भाताच्या मळणीला गावी गेले. या वेळी त्यांनी 'सोड' म्हटलं नाही; 'जाऊन येतो' म्हणाले.

बोम्मसंद्र्यात आणखी पेट्या होऊ लागल्या. कुणाच्या पंपासाठी, कुणाच्या दुधाच्या टाकीसाठी. पद्मनाभ प्रत्येक पेटीबरोबर विचारी, "हिचे माळे किती, यल्लाप्पा?" आणि यल्लाप्पा घरी आला, की दमून दिवाणावर पडे. बाहेर झाडांवर पाखरं गोळा होत, आभाळ गुलाबाच्या पाकळीच्या मागल्या बाजूसारखं फिकं होई, आणि फोन वाजे.

"अहो," स्वयंपाकघरातून शालन म्हणे, "तुमचं रान हाक मारतंय."

यल्लाप्पा डोळे न उघडता आधी मोठ्यानं, खूप लांबून ओ देई, आणि मग उठे.